अंदमानातली इस्त्री

आमच्या कॉलेजात सांगतात, की अंदमानच्या ट्रिपला गेलेले पुंजारामभाऊ बेटावर भ्रमिष्ट झाले आणि झाडपाल्याला इस्त्री करत बसले. अकोल्याच्या पोट्ट्यांनी तर भर घालून त्यांना केळीच्या पानाचं धोतरही नेसवलं.

खोटं आहे. मी तिथे होतो. इस्त्री त्यांनी केली, पण पाल्याला नाही, वर्तमानपत्रांना.

पुंजारामभाऊ म्हणजे अमरावतीला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. नऊ वर्षं तात्पुरते. एप्रिलात सुटायचे, जुलैत पुन्हा लागायचे. बोलणं असं, की प्रत्येक वाक्याआधी ओझं उचलताहेत वाटावं: "हूंऽऽ... आता काय बाप्पा?" होस्टेलात मी ही नक्कल केली की हमखास हशा. त्याहून जास्त हशा आमच्या सरांच्या नकलेला. सर पुण्याचे, नाकातून बोलायचे: "हे पाहा, अजिबात घाई करायची नाही."

त्रेसष्टच्या डिसेंबरात आम्ही चौदा जण मद्रासहून बोटीनं निघालो. चार दिवस बोट, पुढे होडी, मग ते बेट. वनखात्याचा एक बंगला, एक चौकीदार, बाकी सगळं रान. निघताना सर भाऊंना म्हणाले होते, "दीडशे झाडं नीट वाळून आली की प्राचार्यांना पत्र देतो. तुम्ही कायम."

झाड वाळवायचं म्हणजे फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची, वरखाली फळ्या लावून पट्टा आवळायचा आणि कागद रोज बदलायचा. ओला कागद उन्हात टाकला की आमच्या वऱ्हाडात घटकाभरात पापड. त्याच भरवशावर सरांनी वर्तमानपत्रांचा एकच गठ्ठा घेतला. बेटावर उन्हात टाकलेला कागद संध्याकाळी सकाळपेक्षा ओला! तिसऱ्या दिवशी फळ्या सोडल्या, तर पानांवर पांढरी बुरशी.

"सरसायेब, हे तं सडून राह्यलं."

"हे पाहा, अजिबात घाबरायचं नाही," सर म्हणाले आणि टॉवेल घेऊन पोहायला गेले.

भाऊंनी चौकीदाराची कोळशाची इस्त्री मागून आणली आणि व्हरांड्यात बसले. एकेक कागद इस्त्रीनं कोरडा करायचा, फांदी त्यात घालायची, ओला काढायचा, पुन्हा इस्त्री. आम्ही रोज नवा पाला आणून टाकायचो आणि समुद्रात पळायचो. आठ दिवस त्यांची पाठ व्हरांड्याच्या भिंतीपासून सुटली नाही. डोळे धुरानं लाल.

"भाऊ, चाला ना पाण्यात. काहून बसले इथं?"

"तू जाय. माहा हात थांबला का झाड काळं पडते. आन् झाड काळं पडलं का मी जुलैत पुन्हा लायनीत."

बुरशीनं फक्त दोन गेली, बाकी दीडशे नीट वाळली. परतीच्या बोटीवर भाऊ गठ्ठ्यांना टेकून बसले होते. मी म्हटलं, "झाले ना बाप्पा आता तुमी कायम!"

"नाई होत."

"काहून? सर बोलले ना!"

"सायेब बोलते. लिहित नाई. नऊ वर्सं पाहून राह्यलो."

"लावता पैज? लिहितीन."

"लाव. हारला तं मी सांगीन ते बोलून दाखवाचं. सायबाच्या आवाजात."

मी खूश. ही कसली शिक्षा! हे तर मी फुकटात करतो.

फेब्रुवारीत झाडं जाड कागदांवर चिकटली, कपाटात गेली. प्रत्येकाखाली चिठ्ठी, गोळा करणारा म्हणून सरांचं नाव. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मी हिंमत करून सरांना पत्राचं विचारलं. "हे पाहा, पुढच्या वर्षी नक्की." सर चष्मा पुसत होते.

खाली आलो, तर भाऊ प्रयोगशाळेला कुलूप लावत होते. बगलेत पिशवी. अकोल्याकडची मोटार गाठायची होती.

"हारला?"

"हारलो."

"म्हन मंग."

"काय म्हनू?"

"पुंजाराम, तुम्ही कायम झालात."

मी म्हटलं. नाकातून, सावकाश, 'झालात'वर जोर देऊन. भाऊ पिशवी घट्ट धरून नीट ऐकत होते. मला वाटलं, हसतील.

"आवाज बराबर हाय," ते म्हणाले. "पन तो माह्या तोंडाकडं पाहून बोलत नाई. खाली पाह्य, आन् पुन्हा म्हन."