बरणीतलं पाणी

सांगलीच्या लॅबमध्ये मी गाठींचे तुकडे काचेवर घेऊन रंगवते. पेशींना बेफाम वाढू न देणारं एक प्रथिन असतं. ते असेल तिथं तपकिरी रंग चढतो, नसेल तिथं चढत नाही. त्यावरून डॉक्टर पुढचं औषध ठरवतात.

ऑपरेशननंतर गाठ टिकवायच्या औषधात बुडवून दिलेली बरणी नातेवाइकांनीच लॅबपर्यंत आणायची, ही आमच्याकडची रीत. दुष्काळी जतच्या एका मावशींनी नवऱ्याच्या लहान आतड्यातली गाठ अशीच एसटीनं आणली. रंग चढलाच नाही. पण ज्यांच्यावर रंग चढायलाच हवा, त्या शेजारच्या निरोगी पेशीही कोऱ्याच राहिल्या, म्हणजे तुकडाच खराब झालेला. आता काहीच सांगता येईना.

मी मावशींना बोलावून विचारलं, "बरणीतलं औषध कुठं गेलं?"

"लय वास मारत हुतं. वतून दिलं आन् पाणी घातलं."

बरणी घेताना मीच बघायला हवं होतं, तरी माझा पारा चढला. "पाण्यात मांस सडतं, एवढंही कळत नाही?"

मावशी हळूच म्हणाल्या, "आवं ताई, टँकरचं न्हाई घातलं. ह्यांच्यासाठी इकतची बाटली आणली हुती, त्यातलं घातलं."