जास्तीची नळी

इंदूरला समुद्र नाही, आणि गावातून जे वाहतं त्याला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. तरी या गावात पाणबुडे आहेत. तलावांत, खदानींत, पायऱ्यांच्या जुन्या बावड्यांत माणसं पडायची काही थांबत नाहीत, आणि पडलेल्याला काढायला कोणीतरी उतरावंच लागतं. बचाव पथकात गेली तीसेक वर्षं ते कोणीतरी म्हणजे प्रतापराव घाटगे.

प्रतापराव बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत राहतात. पणजोबा होळकरांच्या पागेत होते. घोडा गेला, तलवार गेली, मिशी तेवढी शिल्लक राहिली, आणि ती प्रतापरावांनी जिवापाड जपली. पाण्याखालच्या चष्म्यात मिशीमुळे पाणी शिरतं, म्हणून उतरण्याआधी ते तिला बोटभर व्हॅसलीन चोपडतात. पण कापण्याचं नाव काढलंत तर तुमची खैर नाही. पथकातली पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. निम्म्या पोरांना डुबकी त्यांनीच शिकवली, आणि शिकवताना एक वाक्य इतक्या वेळा घोकून घेतलं की पोरं झोपेतही बरळतील: "तोंडातलं सोडायचं नाही."

यामागे अर्थ होता. पाण्याखाली कोणी एकटं जात नाही, जोडीनं जातं. पाठीवरच्या टाकीतून श्वासाच्या दोन नळ्या निघतात. एक स्वतःच्या तोंडात. दुसरी पिवळी, जास्तीची, कमरेशी लटकवलेली. जोडीदाराची हवा संपली की पिवळी त्याच्या तोंडात कोंबायची आणि दोघांनी एकाच टाकीवर वर यायचं. आपली मात्र सोडायची नाही, कारण देणाराच गुदमरला तर दोघंही गेले. प्रतापरावांनी अशी पिवळी नळी कितीकांना दिली. सराव असो की खरा प्रसंग, देणारे कायम तेच. द्यायला त्यांना आवडायचंच म्हणा. नवी गाडी घेतली की जुनी पुतण्याला, नवा टीव्ही आला की जुना बहिणीकडे. गल्लीत त्यांना दिलदार म्हणतात. घरात त्यांची बायको, मंगलाताई, काही म्हणत नाहीत, नुसत्या हसतात.

यंदा पथकाला नवं सामान आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. नव्या जॅकेटला पिवळी नळीच नव्हती. अंगातलं जॅकेट फुगवायचं जे यंत्र डाव्या खांद्यावरून लोंबतं, त्यातच जास्तीचा श्वास बसवलेला. एकाच मुठीत हवा भरायचं बटण, सोडायचं बटण, नळीतलं पाणी झटकायचं बटण आणि तोंडात धरायचा रबर. सुटसुटीत, गुंता नाही. पण त्याची नळी वीतभर. स्वतःच्या तोंडापर्यंत कशीबशी येते, दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचणं शक्य नाही. म्हणजे नियम फिरला. आता आपल्या तोंडातली चालू नळी काढून जोडीदाराला द्यायची आणि खांद्यावरची जास्तीची आपण घ्यायची.

पावसाळ्याआधी तरणतलावात सगळ्यांची नव्या सामानावर परीक्षा होती. प्रशिक्षक निशांत जोड्या वाचत होता. प्रतापरावांच्या नावापुढे त्यानं शिखा वाचलं. शिखा पथकातली तरुण पाणबुडी, उस्तादांचीच चेली. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, माझी जोडी दुसऱ्या कोणाशी लावून द्या ना. उस्तादांबरोबर मी नाही उतरणार."

निशांतनं कारण विचारलं नाही, शिखानं सांगितलं नाही. पथकाचा नियम साधा आहे: ज्याला जोडी नाही त्याला पाणी नाही. दुसऱ्या कोणाबरोबर प्रतापरावांना जुंपता आलं असतं, पण उस्तादांना त्यांच्याच चेलीनं नाकारलं म्हटल्यावर बाकीची पोरंही बुटांकडे बघायला लागली. म्हणजे पावसाळाभर नावेत बसायचं, दोर धरायचा आणि इतरांचे बुडबुडे मोजायचे. आणि नाकारलं कोणी, तर शिखानं! तीन वर्षांपूर्वी खदानीच्या गढूळ पाण्यात तिची हवा अडकली होती, तेव्हा यांनीच पिवळी नळी तिच्या तोंडात घालून तिला वर आणलं होतं. ती गोष्ट त्यांनी स्वतः कितीदा तरी सांगितली होती, प्रत्येक वेळी खदान थोडी अधिक खोल करून.

"म्हातारा झालो म्हणून," ते रात्री जेवताना म्हणाले. "आजकालच्या पोरांना काही लिहाजच नाही."

"तिला विचारलंत का?" मंगलाताईंनी वाढता वाढता विचारलं. त्या राजवाड्याजवळच्या शाळेत शिकवतात. चुकलेल्या पोराला उत्तर न सांगता पुन्हा प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे.

"विचारायचं काय त्यात? दिसून तर राहिलंय."

"बरं," मंगलाताई म्हणाल्या, आणि भाजीचं पातेलं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद मिशीला कलप लावून तलावावर आले. कोणी हसलं नाही, हे अधिकच लागलं. निशांत म्हणाला, "चला उस्ताद, आपण दोघं करू. माझी हवा संपली असं समजा."

तळाशी दोघं गुडघ्यांवर टेकले. निशांतनं गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा संपली. प्रतापरावांच्या हातानं तीस वर्षांचं काम केलं. जास्तीची नळी पकडली आणि निशांतच्या तोंडाकडे ओढली. ती वीतभर! निशांतचं डोकं त्यांच्या खांद्यावर आपटलं. दोघं गळामिठी घातल्यासारखे तळाशी डुगडुगत राहिले. दुसऱ्या खेपेला प्रतापरावांनी घाईत भलतंच बटण दाबलं, जॅकेट टम्म फुगलं आणि उस्ताद बूच उडावं तसे भसकन वर आले. काठावरच्या पोरांनी तोंडं फिरवली. उस्तादांना आयुष्यात पहिल्यांदा पाण्यातून बाहेर यायची लाज वाटली.

"डोक्यानं नाही करून राहिलात तुम्ही," निशांत म्हणाला. "हात जुन्या वळणावर जातोय. आधी तोंडातली काढा. बाकीचं मागून."

बोलायला सोपं. तोंडातली चालू नळी, जिच्यातून आत्ता हवा येतेय, ती आपणहून काढायची. प्रतापरावांना कळेना की एवढं अवघड काय आहे. ते बुडायला घाबरत नव्हते. पण दरवेळी हात तोंडापाशी येऊन थबके आणि खांद्याकडे वळे. स्वतःचं शाबूत ठेवून देण्याची सवय हाडांत मुरली होती.

पुढचे काही दिवस ते रोज उतरले. आणि एका सकाळी हात थबकला नाही. निशांतनं खूण केली, प्रतापरावांनी तोंडातली नळी काढली आणि सरळ त्याच्यापुढे धरली. निशांतनं ती घेतली. आता यांचं तोंड रिकामं. त्यांनी खांद्यावरचं यंत्र चाचपलं, रबर दातांत धरला आणि श्वास ओढला.

हवा नाही आली. पाणी आलं.

घोटभर पाणी, घशात, मग नाकात. रिकाम्या नळीत पाणी साचलेलं असतं, आधी फुंकर मारून ते बाहेर घालवायचं, मग श्वास घ्यायचा. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. "आधी फुंकर, मग श्वास," तोंडात स्वतःची चालू नळी ठेवून, हाताच्या खुणांनी. पण फुंकर मारायला छातीत हवा तर हवी! ज्याची संपलीय त्यानं कुठून आणायची? क्षणभर प्रतापरावांना काही दिसेना. मग बोटाला बटण सापडलं, नळीतलं पाणी झटकलं गेलं आणि हवा आली. ती काही फार वेळ नव्हती. निशांतला तर काही कळलंही नाही. त्यानं अंगठा आणि बोट जुळवून 'छान' अशी खूण केली.

प्रतापराव तळाशीच बसून राहिले. इतकी वर्षं ते जास्तीची नळी लोकांना देत आले होते. स्वतःच्या तोंडाला ती एकदाही लागली नव्हती.

वर आल्यावर निशांत म्हणाला, "पास, उस्ताद!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रतापराव जॅकेट न काढताच, पाणी निथळत, पलीकडे सामान धूत बसलेल्या शिखाकडे गेले. वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागला.

"शिखा, त्या खदानीत मी तुला पिवळी दिली होती. तेव्हा तुझ्या तोंडात काय आलं होतं?"

शिखानं नळ बंद केला. वर बघितलं.

"चिखल, उस्ताद."

प्रतापरावांचा हात खांद्यावरच्या नळीकडे गेला.

"दिवसभर ती नळी तुमच्या मागे गाळातून घसटत होती. तुम्ही उतरण्याआधी आपली तपासली होती, ती नाही तपासली. मी गिळलं तसंच, अन् वर येईपर्यंत वाटत होतं आता जाते मी. वर आल्यावर तुम्ही माझी पाठ थोपटून राहिले होते. सगळ्यांना सांगत होते, बचावलं हिला."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही बचावलं होतं ना! आता बचावणाऱ्याला काय बोलणार?" शिखा म्हणाली. "वयाचं नाही हो उस्ताद. तुम्ही अजून दोन निशांत सर खिशात घालाल. पण तुमच्याबरोबर खाली गेले की मला तो चिखलच आठवतो. परीक्षेत पुन्हा तुमच्याच हातून हवा घ्यायची म्हटल्यावर नाही राहवलं."

प्रतापरावांचे डोळे भरून आले. तलावातल्या क्लोरीनवर ते ढकलता आलं असतं, पण त्यांनी ढकललं नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द पथकात त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आता उतरशील माझ्याबरोबर?"

शिखानं लगेच हो म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, त्यांना आणि आपल्यालाही. पण ती उस्तादांचीच चेली. पाण्याच्या बाबतीत भीड ठेवणारी नव्हे.

"आत्ता नाही सांगत," ती म्हणाली. "उद्या आपण दोघं इथं उतरू. हवा माझी संपेल. मग बघते."

तीस वर्षं या पथकात कोणी कधी उतरायचं ते प्रतापरावांनी ठरवलं होतं. ते शिखासमोर ओल्या फरशीवर उभे होते, आणि त्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ?"