मास्तरांच्या चालीपुरता उजेड

वृद्धाश्रमात वायरमनआजोबांचा दरारा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांत उजेड पाडलेला हा माणूस इथे दिवे बंद करत हिंडायचा. एकदा आत माणूस असताना न्हाणीघराचाही दिवा घालवला, तेव्हा आतून जे ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही.

आश्रमाची वीज वाचवायचं काम त्यांच्याच लेकीला मिळालं आणि आजोबांची छाती फुगली. तिने हालचाल दिसेल तोवरच जळणारे दिवे बसवले. पहिल्याच संध्याकाळी बुद्धिबळाच्या खोलीत अंधार झाला. रोज पटावर बसणारे मास्तर चालीचा विचार करत होते, आणि विचारात पडले की त्यांची पापणीही हलत नसे.

"अहो, तुमच्या लेकीच्या दिव्याने मला मेलेला समजलं!" मास्तर ओरडले. "जुनेच लावायला सांगतो उद्या."

आजोबांचं तोंड एवढंसं झालं.

"बाबा, काढून टाकू सगळं?" लेकीने विचारलं.

"काढतेस कशाला? आधी आम्ही कसे बसतो ते बघ."

दुसऱ्या दिवशी अख्खी दुपार ती मास्तरांकडून हरत बसली. मग त्या खोलीचा हालचाल टिपणारा सेन्सर तिने पटाजवळ आणला आणि दिवा विझायची वेळ वाढवली.

संध्याकाळी मास्तरांनी मुद्दाम जास्तच विचार केला. सगळ्यांच्या माना वर. अखेर त्यांनी घोडा उचलला, तोवर दिवा लख्ख.

"लेकीने लावलाय माझ्या," आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मास्तर, तुम्हाला हरताना नीट दिसावं म्हणून."

खोली रिकामी झाली. सवयीने बटणाकडे गेलेला हात आजोबांनी मागे घेतला आणि दिवा आपला आपण विझेपर्यंत ते बाहेर थांबले.