एकाच दोऱ्यात दोन किल्ल्या

शाळेत तिला सगळे किल्लीबाई म्हणत. तोंडावर नर्सबाई, पाठ वळली की किल्लीबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. जिन्याखाली तिची खोली. एक खाट, वजनकाटा, भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आणि एक जाडजूड नोंदवही. ज्या मुलांना शाळेच्या वेळात औषध लागायचं त्यांचे डबे त्या कपाटात. गोळी देताना ती आधी डब्यावरचा फोटो बघायची, मग पोराचं तोंड, आणि वर त्यालाच नाव विचारायची.

"बाई, रोज काय नाव विचारता?"

"तू रोज तोच असतोस का, ते बघते."

गणिताची चाचणी असली की निम्म्या वर्गाचं पोट दुखायचं. ती पेलाभर पाणी द्यायची आणि खाटेवर आडवं व्हायला सांगायची. पाच मिनिटांनी जो विचारेल, "बाई, चाचणी संपली असेल का हो?" त्याची रवानगी थेट वर्गात.

तिच्या काटेकोरपणाला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पहिलीतल्या एका पोरानं उघड्या ड्रॉवरमधल्या फिटच्या गोळ्या गोड समजून खाल्ल्या. पोर वाचलं, पण तिच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. तिनं भांडून कपाट मागून घेतलं, तेही सहजासहजी फुटणार नाही असं, आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. नवरा चिडवायचा, "अगं, अंघोळीला तरी काढून ठेव. साबण काय कुलपात आहे?"

दुसरी किल्ली हेडसरांच्या टेबलात असायची. एकदा ती जेवायला गेलेली असताना कारकुनानं त्या किल्लीनं कपाट उघडलं आणि डोकं दुखणाऱ्या मुलीला दुसऱ्याच कुणाच्या डब्यातली गोळी दिली. झालं काहीच नाही, पण तिनं शाळा डोक्यावर घेतली. ती किल्लीही काढून घेतली आणि त्याच दोऱ्यात ओवली.

"आणि तुम्ही नसलात तर?" हेडसरांनी विचारलं.

"पंधरा वर्षांत किती रजा घेतल्या मी?"

विषय तिथंच मिटला. मिटायला नको होता.

त्याच वर्षी सहावीत एक नवी मुलगी शाळेत आली. हडकुळी, बडबडी, दम्याची. एके दिवशी वजन करताना तिच्या मोज्यात दम्याचा पंप सापडला.

"हे काय गं? औषध मोज्यात?"

"बाई, असू दे ना माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावरून इथवर यायला लांब पडतं."

"धावायचं नाही, हळू यायचं. मी कुठं जाते? मी इथंच असते."

पंप कपाटात गेला, घरी चिठ्ठी गेली, आईची सही होऊन परत आली. सगळं नियमाप्रमाणे. मग मुलगी दर गुरुवारी खेळाच्या तासाआधी यायला लागली. पंप ओढायची, खाटेवर पाय हलवत बसायची आणि अख्ख्या वर्गाची खबर द्यायची. नोंदवहीत सही करायची, सहीपुढे एक फूल काढायची. वहीत रेघोटी मारलेली बाईंना मुळीच खपत नसे. फुलांना मात्र त्या कधी काही बोलल्या नाहीत. गुरुवारी त्या जेवणाचा डबा थोडा उशिरा उघडायच्या, पोरगी येऊन जाऊ दे म्हणून.

त्या मंगळवारी नववीतला एक मुलगा जिन्यावरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. बाई त्याला रिक्षात घालून दवाखान्यात गेल्या. इकडे तिसऱ्या मजल्यावर रंगारी भिंत घासत होते आणि धूळ वर्गात येत होती. मुलीचा श्वास लागला. पीटीचे सर तिला उचलून खाली आले. कपाटाला कुलूप.

पीटीच्या सरांचा फोन आला तेव्हा बाई एक्सरेच्या रांगेत होत्या.

"बाई, किल्ली कुठंय?"

हात आपसूक गळ्याशी गेला. "माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

"तीही."

पोराला तिथल्या नर्सच्या हवाली करून त्या धावत सुटल्या. शिपायानं पहारीनं कपाट फोडलं, त्याला अकरा मिनिटं लागली. कपाट त्यांनीच निवडलेलं, मजबूत. पंप हातात आला तेव्हा तो ओढण्याइतकाही श्वास मुलीत उरला नव्हता. गाडीत, वाटेतच ती गेली.

चौकशी झाली. औषध कुलपात होतं, पालकांची सही होती, नोंदी चोख होत्या. हेडसर म्हणाले, "बाई, तुमच्यावर काही ठपका नाही." ठपका आला असता तर निदान कुणाशी भांडता तरी आलं असतं. त्या घरी गेल्या आणि नवऱ्यासमोर ओक्साबोक्शी रडल्या.

महिन्याभरानं मुलीची आई पंप न्यायला आली. खाटेच्या कडेवर बसली, नेमकी मुलगी बसायची तिथं.

"बाई, मोज्यात ठेव असं मीच सांगितलं होतं तिला," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी आली तेव्हा मात्र तिलाच ओरडले. म्हटलं, बाईंना जास्त कळतं, त्यांचं ऐक. मी सही केली नसती तर..."

बाईंना गप्प बसता आलं असतं. ओझं वाटून घ्यायला कुणीतरी आपणहून आलं होतं.

"नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर होतात. चूक माझी. दोन्ही किल्ल्या मीच गळ्यात घालून फिरले. आणि मी तिला म्हटलं होतं, मी इथंच असते."

आईनं मान हलवली. "पीटीचे सर सांगत होते. ते तिला तसंच गाडीकडे नेत होते, तर हिनं कपाटाची मूठ धरली, सोडेना. म्हणे, बाई येतील, त्या इथंच असतात."

दोघी बराच वेळ रडत राहिल्या. बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट चालू होता.

निघताना आईनं वही बघायला मागितली. गुरुवारमागून गुरुवार, सहीमागून फूल. "हे पान मिळेल का?" तिनं भीतभीतच विचारलं. वहीच्या पानांना आकडे होते, वर्षाकाठी तपासणी व्हायची आणि एकही पान कमी चालत नसे. बाईंनी पट्टी ठेवली आणि पान नीट फाडून तिच्या हातात दिलं.

आता दम्याचे पंप मुलांच्या स्वतःच्या खिशात असतात, आणि प्रत्येक वर्गाच्या मास्तरांना ते कसे द्यायचे हे बाईंनी हाताला धरून शिकवलंय. कपाटाची एक किल्ली ऑफिसात, एक पीटीच्या सरांकडे. बाईंचा गळा मोकळा आहे, तरी हात तिथं जातोच.

एखादं पोर दारातून डोकावतं. "बाई, आहात का?"

"आत्ता आहे," त्या म्हणतात. "नसेन तेव्हा किल्ली कुठं असते, सांग बघू."

त्यानं बरोबर उत्तर दिल्याखेरीज त्या त्याला आत घेत नाहीत.