घोट्यावरचा डाग

जीन्सच्या गाळ्यात काम करणारी बाई घरी कशी येते, ते आमच्या खरवईत सगळ्यांना ठाऊक आहे. हात निळे, पाय निळे, पदराची कडसुद्धा निळी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मी धागे कापते. दिवसभर टेबलाशी उभी आणि पायाशी कोऱ्या पँटींचा ढीग. म्हणून घरात शिस्त होती. कामावरून आलं की आधी मोरीत जाऊन वज्रीनं हातपाय घासायचे, मग गॅसजवळ. सासूबाईंचा पहारा असायचा. "निल्या हातानं पिठाला शिवू नको गो!" जशी काही मला निळ्या भाकऱ्या थापायची हौसच होती.

डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला डाग दिसला तेव्हा तो रंगच असणार असं मी धरून चालले. निळा नव्हता, तपकिरी होता, पण नव्या मालाचा रंग असेल. घासला. निघेना. आणखी घासला. सासूबाई म्हणाल्या, "जोर लाव, जोर! अंगात जीव नाय का?" मग हट्टाला पेटून मी गाळ्यातलं ब्लीच बाटलीतून घरी आणलं. संध्याकाळी पाय सुजायचे, खाज सुटायची, डागाखालची कातडी पाटासारखी टणक लागायची. सगळं उभं राहून होतंय, दुसरं काय!

एके दिवशी तिथं कातडी फाटली. रक्त थोडं, पाणीच जास्त. जखम भरेना, उलट पसरायला लागली. शेजारच्या मावशींचा पाय साखरेनं असाच चिघळत गेला आणि गुडघ्याखाली कापावा लागला होता. मी चिंधी बांधून वर साडी सोडायची आणि कुणाला काही बोलायची नाही. शेवटी वासानंच घात केला. नवऱ्यानं चिंधी सोडली नि थेट रिक्षा आणली.

अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. किती वेळ शोधत होत्या! "कापायचा का?" मी विचारून टाकलं.

"थांबा हो," म्हणाल्या आणि पोटरीवरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवू लागल्या. मग नवऱ्याला पडदा दाखवत म्हणाल्या, "रक्त वर चढतं ते परत खाली पडू नये म्हणून शिरेत झडपा असतात. यांच्या सैल पडल्यात. रक्त पायात साचतं, दाब वाढतो, बारीक वाहिन्यांतून लाल पेशी बाहेर झिरपतात आणि कातडीत फुटतात. त्यांच्यातलं लोह तिथंच राहतं. हा डाग त्याचा. सूज मुरत गेली की कातडी टणक होते, मग जरा खरचटलं तरी जखम भरत नाही."

"म्हणजे तो रंग आतून आलाय? मी तर रोज वज्रीनं घासत होते."

"आतून. आणि तुम्ही बाहेरून घासत बसलात."

नाडी चांगली होती, साखर नव्हती. पाय वाचेल, पण खात्री जखम भरल्यावरच, असं त्या म्हणाल्या. बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. पाय उशांवर ठेवून पडायचं आणि उभं राहणं कमी करायचं.

आमची खोली एकच. उशांवरचे माझे पाय थेट सासूबाईंच्या खाटेकडे यायचे. मी संकोचानं पाय ओढून घेतले की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. घासण्याबद्दल अवाक्षर नाही. दर वेळी पट्टी सोडताना मी डोळे मिटायची. कधी जखम लहान दिसायची, कधी तेवढीच. मावशींच्या कुबडीचा आवाज दारावरून गेला की मी पट्टीवरून हात फिरवून बघायची.

शेवटी जखमेवर पातळ, गुलाबी कातडी धरली. भोवतीचा डाग तसाच होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. शिरेवरचा इलाज पुढे करू, पण पाय आता धोक्याबाहेर आहे, असं म्हणाल्या.

घरी आल्यावर सवयीनं मोरीत शिरले, कोनाड्यात हात घातला. वज्री नव्हती.

"गटारात टाकली मी," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मेला डाग रावू दे गो. पाय रायला ना?"