संस्थापकांचा मेणा

१२ जानेवारी १९५७, सकाळचे आठ. मालकांच्या घरासमोर मेणा सजवून ठेवला होता आणि तो उचलायला कोणी आले नव्हते.

मालक म्हणजे आमच्या हायस्कुलाचे दिवंगत संस्थापक, चांदा जिल्ह्यातल्या सावली भागातले एक मालगुजार, म्हणजे जमीनदार. दर पुण्यतिथीला त्यांची तसबीर त्यांच्याच मेण्यात ठेवून, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, शाळेपर्यंत नेली जात असे. मेणा वाहायचा मान, असा शब्द आम्ही वापरत असू, वैनगंगेच्या काठच्या ढीवरांचा होता. मासेमारी करणारी ही माणसे मालकांच्या हयातीतही त्यांना खांद्यावरून वाहत आली होती. पुढे कायद्याने मालगुजारी गेली. मेणा राहिला. शाळेने त्या दिवसाला ‘संस्थापक दिन’ असे नाव दिले.

मी त्या शाळेचा हेडमास्तर होतो. त्याच शाळेत शिकलो होतो, आणि माझी फी मालकांनी माफ केली होती. शाळेला जमीन त्यांनी दिली, सागवान त्यांनी दिले. भिंतींच्या विटा मात्र ढीवरांनी आणि आसपासच्या कुणब्यांनी वेठीने पाडल्या. जो वेठीला आला नाही, त्याला चिंचेला बांधून मारले गेले. पहिली गोष्ट आम्ही दरवर्षी भाषणात सांगत असू. दुसरी सर्वांना ठाऊक होती, म्हणून कोणी सांगत नसे.

त्या वर्षी आम्ही महाविद्यालयाच्या वर्गांसाठी अर्ज केला होता. विद्यापीठातून एक प्राध्यापक दहा वाजता पाहणीला यायचे होते.

मालकांचे पुतणे, संस्थेचे अध्यक्ष, ओट्यावर येरझारा घालत होते. मला पाहताच थांबले.

“गुरुजी, ढीवर येऊन पाळीवर बसून राह्यले. त्याईले सांगा, मेणा उचलला नाई तर त्याईची पोरं उद्या वसतिगृहात दिसाची नाई.”

वसतिगृहात ढीवरांची काही मुले होती. त्यांतला एक त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होता. त्यांच्या जातीतला तो पहिलाच.

मी पाळीवर गेलो. बायकापोरांसह सारे उन्हात बसले होते. मॅट्रिकच्या मुलाचा आजा पुढे होता, बिडी ओढत.

“भाऊ, आठ वाजून गेले,” मी म्हणालो.

“दिसते ना, गुरुजी. सूर्य का मालकाच्या घरचा आहे?”

माणसे हसली.

“मेणा?”

“मालक जिता होता तवा उचलला. बिमार पडला तवा चांद्याले नेला. मेला तवाबी आमीच उचलला. आता फोटूले काऊन उचलू? त्याचे का पाय दुखते?”

मी अध्यक्षांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. हसणे थांबले. म्हाताऱ्याने बिडी विझवली.

“मंग पोराले घरी नेतो. जाळं आहेच.”

“परीक्षा दोन महिन्यावर आली,” त्याची बायको मागून ओरडली, “आन् या म्हाताऱ्याले आजच मर्दानी सुचली!”

“तू चूप राय.” तो माझ्याकडे वळला. “माह्या बापानं खांदा दिला, मी दिला. पोरगं शिकून राह्यलं, ते खांद्याच्या भाड्यानं नाई पाहिजे.”

मी परत आलो, कोट काढून ओट्यावर ठेवला आणि शिक्षकांना म्हणालो, “मेणा आपण उचलू.”

“आपण?” संस्कृतचे शिक्षक म्हणाले.

“मालकांचे उपकार आपल्यावर आहेत. ढीवरांवर नाहीत.”

“गुरुजी, लोक हासतीन,” अध्यक्ष म्हणाले.

“हसू द्या.”

“आन् ढीवर काय करतीन?”

“आज ते पाहुणे आहेत.”

आम्ही चौघांनी दांडी खांद्यावर घेतली. पावले जुळेनात. मेणा एका अंगाला कलला, तसबीर घसरून कडेला गेली. खाली धानाच्या बांध्यांत लाखोळीचे पीक निळे फुलले होते. वर पाळीच्या दोन्ही अंगांना ढीवर उभे राहिले होते.

“हळू जी मास्तर! मालकाले उलटी होईन!” एक बाई ओरडली.

“बापा, इतका तर तो जितेपणीबी नोता हालला!”

अर्ध्या वाटेवर संस्कृतचे शिक्षक मोहाच्या झाडाखाली मटकन बसले. त्यांना दम लागला होता. मेणा जमिनीवर टेकला. जुनी सवय अशी की सर्वांच्या नजरा ढीवरांकडे वळल्या. एकही ढीवर हलला नाही. म्हाताऱ्याने हात पाठीमागे बांधले.

अध्यक्ष छत्री घेऊन मागून चालत होते. मी त्यांना म्हणालो, “दांडी रिकामी आहे.”

त्यांनी पाळीवरच्या लोकांकडे पाहिले. मग छत्री संस्कृतच्या शिक्षकांच्या हातात दिली, धोतराचा सोगा खोचला आणि दांडीखाली शिरले.

मग म्हाताऱ्याची बायको म्हणाली, “आता लागला घरचा खांदा!” आणि अशी आरोळी उठली की तलावातली बदके उडाली.

शाळेच्या फाटकाशी प्राध्यापक उभे होते. घामाने निथळणारे अध्यक्ष त्यांना नमस्कारही करू शकले नाहीत. दरवर्षी फाटकाशी मेणा ठेवून परतणारे ढीवर प्रथमच सभेला आत येऊन पुढच्या सतरंजीवर बसले. मी लिहून आणलेले भाषण वाचले नाही.

“या शाळेची जमीन आणि लाकूड मालकांनी दिले. विटा या लोकांनी पाडल्या, वेठीने, मार खाऊन. यापुढे या दिवशी दोन्ही गोष्टी सांगितल्या जातील.”

मी बसलो. अध्यक्ष उठले. खांदा चोळत म्हणाले, “पोरं राहतीन.”

“आन् मेणा?” म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून विचारले.

“मेणा आमी उचलू.”

“मंग जरा खाऊनपिऊन या जी पुढल्या साली!”

हशा थांबेपर्यंत सभा खोळंबली. प्राध्यापकही हसत होते. अध्यक्ष सर्वांत शेवटी हसले, पण हसले.

पुढे महाविद्यालय झाले. मेणा आता प्राध्यापक उचलतात. वाईट उचलतात. त्याआधी दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. सांगणारा एखादा नवा माणूस दुसरी गोष्ट लवकर आटोपू पाहतो, तेव्हा पुढच्या सतरंजीवरून त्याला थांबवले जाते.

त्या दिवशी दिवेलागणीला मी वसतिगृहाच्या आचाऱ्याला बोलावले. सकाळची धमकी त्याच्याही कानावर गेली होती. उद्यासाठी तांदूळ किती काढू, असे त्याने विचारले. नेहमीइतके, असे सांगून मी कोठीचे कुलूप उघडले आणि तांदूळ मोजायची पायली त्याच्या हातात दिली.