माउडनचं स्लाउस ओलांडताना

अ‍ॅमस्टेल स्टेशनवरून बस सुटली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. २००५चा जून होता. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच पुण्याहून माझ्याकडे आली होती, म्हणून मी झुइडासमधल्या ऑफिसातून एक दिवस सुट्टी घेतली. आईला शहर बघायचं नव्हतं. "कुठंतरी पाण्याजवळ जाऊ," एवढंच ती म्हणाली.

आम्ही उतरलो ते माउडन हे लहानसं डच गाव. फेख्त नदी गावाच्या मधून वाहते आणि पुढे आयमेर या अफाट तळ्याला मिळते. त्याआधी तिच्या वाटेत सतराव्या शतकातलं स्लाउस (नदी आणि तळं यांच्यामधला, बोटी चढवण्या-उतरवण्याचा पाण्याचा हौद) लागतं. विटांच्या जुन्या भिंती आणि दोन्ही टोकांना जाडजूड दारं. आता पाणी जेमतेम वीतभर चढतं, पण पूर्वी समुद्र इथवर यायचा.

आम्ही काठावर बसलो होतो. एका छोट्या बोटीतून एक वृद्ध गृहस्थ आत आले, एकटेच. बोटीचं नाक भिंतीकडे वळायला लागलं तसं त्यांनी मला हाक मारली, "जरा दोर धरता?"

मी दोर झेलून खुंटाला वेढा दिला.

"पुढचा दोर नेहमी माझी बायको धरायची," ते इंग्रजीत म्हणाले. मग बाकावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आज ती इथे आहे. तिला आयमेरमध्ये सोडायला निघालोय."

"काय म्हणतात?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"बरोबर कुणी नाही?"

मी विचारलं. मुलगा कॅनडात होता. अंत्यविधीला येऊन परत गेला होता.

आईनं डब्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबांच्या अस्थी पुरुषमंडळी घेऊन गेली. आपण दोघी घरीच होतो. विचार त्यांना, आपण आलो तर चालेल का."

"आई, ओळख ना पाळख..."

"विचार तर."

मी विचारलं. हेंक त्यांचं नाव. त्यांनी टोपी काढली आणि आईला आत यायला हात दिला.

पुढचं दार सावकाश उघडलं. नदीच्या मुखाशी उभा असलेला जुना किल्ला मागे पडला, काठ दूर गेले. हेंकनी इंजिन बंद केलं तसा फक्त लाटांचा आवाज उरला. त्यांना डब्याचं झाकण उघडेना. आईनं पुढे होऊन डबा दोन्ही हातांत धरला, तेव्हा झाकण निघालं. मग दोघांनी मिळून तो पाण्यावर कलता केला. हेंक डचमध्ये काहीतरी पुटपुटले. आईनं हात जोडले. मीही जोडले.

परतताना हेंकनी थर्मासमधली कॉफी आणि क्रेंटेबॉल (मनुका घातलेला गोल पाव) दिला. एरवी "यात अंडं नाही ना?" असं विचारणाऱ्या आईनं तो न विचारता खाल्ला. स्लाउसमध्ये पुढचा दोर तिनंच धरला. काठावर उतरलो तेव्हा हेंकनी तिचा हात बराच वेळ हातात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

परतीच्या बसमध्ये बसलो तसा पाऊस सुरू झाला. आईचं डोकं काचेला टेकलेलं होतं. मला वाटलं, तिला झोप लागली.

"राख लगेच बुडत नाही गं," ती म्हणाली. "बराच वेळ वरच असते. मला वाटायचं, टाकली की गेली."

मलाही तसंच वाटायचं. आम्हा दोघींना कुणी ते कधी दाखवलंच नव्हतं.